कमानीचा आतला कोन

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारखान्याला माझी गरज पडली आहे, आणि अशा घटनेची नोंद ज्याच्या बाबतीत ती घडली त्यानेच शुद्ध भाषेत करून ठेवणे इष्ट. इतरांवर सोपवल्यास ते 'सरांना परत बोलावलं' एवढेच लिहितील आणि त्यातही अनुस्वार विसरतील.

काल सायंकाळी चिमटीचा फोन आला. चिमटी ही माझी विद्यार्थिनी. घड्याळांच्या कारखान्यात ती नवी आली तेव्हा टेबलावरचा कागदसुद्धा चिमट्याने उचलत असे; तेव्हापासून हे नाव. आता ती विभागप्रमुख झाली आहे, तरी निदान माझ्या तोंडी नाव टिकून आहे. तिच्या सांगण्याचा सारांश असा की, कमानींचे आतले कोन करणारे दोघेच उरले होते. पैकी एकाने नोकरी सोडली आणि दुसऱ्याच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा सर, तुम्ही सत्तावीस तारखेला अकरा वाजता या, एकदा हात बघू, आणि जमलं तर तुमचं जुनं टेबल तुम्हालाच देते.

'एकदा हात बघू' म्हणजे चाचणी. अडतीस वर्षे मी जे केले त्याची चाचणी! परंतु नियम असतील. केवळ उपचार.

पत्नीला वार्ता सांगितली. बोलावलंय की बघायला बोलावलंय, असे तिने विचारले. दोहोंतील फरक मी तिला समजावून सांगितला नाही, कारण तो नाही.

३ मार्च, मंगळवार

रुजू झाल्यावर नवशिक्यांपुढे चार शब्द बोलावे लागतील. मसुदा:

'आपल्या घड्याळाला तबकडी नाही. इतर घराणी यंत्र झाकतात आणि झाकणावर स्वतःचे नाव छापतात. आपण यंत्रच दर्शनी ठेवतो आणि नाव कोठेही छापत नाही. दोन बारीक पोलादी कमानी आणि त्यांच्याखाली फिरणारी चाके, एवढे दिसले की जाणकार माणूस घराणे ओळखतो. कमान हीच आपली सही. तिची कडा तिरपी तासून आरशासारखी उजळलेली असते. दोन कडा आतल्या बाजूने जेथे भेटतात, तेथे केसाएवढी सरळ, धारदार रेषा उमटली पाहिजे. तो आतला कोन. यंत्राचे पाते गोल फिरते, म्हणून यंत्र तेथे गोलाई सोडते. ती रेषा जगात फक्त हाताने येते.'

हिला वाचून दाखवले. 'ती रेषा जगात फक्त' येथवर आलो असता ही गॅस बंद करायला उठून गेली. शेवटचे दोन शब्द मी भिंतीला ऐकवले.

ठराव: रोज पहाटे साडेपाचला उठणे. सहा ते नऊ हातसराव. दुपारची झोप बंद. वादविवाद बंद.

४ मार्च, बुधवार

८.२० ला उठलो. घरातील गजराचे घड्याळ सेलवर चालते. सेलवर चालणाऱ्या घड्याळावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून गजर लावला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न.

दुपारी थोडे पडलो. झोप नव्हे, पाठ टेकणे.

५ मार्च, गुरुवार

जेवणाचे टेबल ताब्यात घेतले. खिडकीकडील अर्धे माझे, स्वयंपाकघराकडील अर्धे हिचे, असा करार झाला. मध्ये पट्टी ठेवली आहे. भिंग, चिमटे, कानशी, लाकडी काड्या, उजळण्याचा लेप, सर्व मांडले. सहा वर्षांनी पेटी उघडली. वास तोच.

सरावासाठी पितळेचा तुकडा घेतला आणि त्यावर एक कोन केला. गोल आला.

पितळ मऊ असते. पोलादाची सवय असलेल्या हाताला पितळ अपमानास्पद वाटते.

६ मार्च, शुक्रवार

कोन गोल. कारण सापडले: फ्रिज. तो सुरू झाला की जमीन सूक्ष्म थरथरते, जमिनीवरून टेबल थरथरते आणि टेबलावरून जे काही टेबलावर आहे ते. हिला सांगितले. एकोणीस वर्षं फ्रिज आहे, तेव्हा नाही थरथरला तो, असे ती म्हणाली. तेव्हा मी घरी काम करत नव्हतो, हे तिच्या लक्षात आणून दिले. ते लक्षात आहे हो, असे ती म्हणाली.

सहा ते नऊ फ्रिज बंद ठेवण्याचे ठरले. म्हणजे मी ठरवले.

७ मार्च, शनिवार

फ्रिज पुन्हा लावण्याचे राहून गेले. दूध नासले. स्वयंपाकघरात पाणी. हिने फडक्याने पुसत असताना जे शब्द उच्चारले ते मूळ अशुद्धतेसह नोंदवण्याची ही जागा नव्हे.

कोन गोल. फ्रिज बंद असताना. म्हणजे लिफ्ट असावी.

९ मार्च, सोमवार

मुलीचा फोन. तिच्या आईने तिला काहीतरी सांगितलेले दिसते, कारण तिने आरंभीच विचारले, बाबा, चहा बशीत सांडतो म्हणे? मी स्पष्ट केले की तिची आई कप काठोकाठ भरते. मग तिने विचारले, सही करताना? मी म्हटले, सही करावी असे मला हल्ली कोणी काही देतच नाही. बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवा ना, प्लीज. प्लीज या शब्दाला मराठीत 'कृपया' हा पर्याय आहे, असे सांगितले. कृपया दाखवा, असे ती म्हणाली आणि हसली नाही.

दाखवायला हरकत नाही. दाखवण्यासारखे काही नाही, एवढेच.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ३

डॉक्टरांकडे हिच्या गुडघ्यासाठी गेलो होतो. मी केवळ सोबत. परंतु आत गेल्यावर हिने स्वतःची खुर्ची मला दिली आणि गुडघ्याचा विषय काढलाच नाही. हा पूर्वनियोजित कट होता.

डॉक्टर तरुण. त्यांनी मला कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी फिरत जाणारी रेषा काढायला सांगितली. काढली. रेषेला कंगोरे आले. पेन फुकट वाटण्यातले होते. त्यावर औषधकंपनीचे नाव होते, आणि ज्यावर नाव छापावे लागते त्या वस्तूचा दर्जा काय असणार! असे मी बोलून दाखवले. डॉक्टरांनी स्वतःचे पेन दिले. त्या पेनाचे टोक फार निसरडे.

त्यांचे निदान असे: वयोमानाप्रमाणे हाताला कंप आहे, गंभीर नाही, गोळीने थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. काम काय करता, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, घड्याळाच्या कमानींचे आतले कोन. ते म्हणाले, मग रिटायर झालात ते बरंच झालं.

बाहेर पडताना तेथील फलकावरील 'कृपया शांतता राखावि' मधील 'वि' मी स्वतःच्या पेनाने दीर्घ केली. हाताला काहीही झाले नाही. 'वी' थोडी वर गेली, कारण भिंत खडबडीत.

गोळ्या उद्यापासून.

१३ मार्च, शुक्रवार

गोळ्या सोमवारपासून. सप्ताहाच्या मध्ये औषध सुरू करणे गबाळेपणाचे.

१५ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. दोष पितळेचा आहे, हे आता निर्विवाद. मला खरी कमान हवी. आणि खरी कमान घरातच आहे: माझ्या मनगटावर.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने मला आमचेच एक घड्याळ दिले. त्याच्या वरच्या कमानीचा आतला कोन मी स्वतः केलेला आहे, शेवटच्या महिन्यात. ती कमान माझ्याच घड्याळात बसवावी, हे चिमटीने परस्पर ठरवले होते. भिंगातून पाहिले की ती रेषा अजूनही सुरीच्या पात्यासारखी उभी दिसते. रोज सकाळी किल्ली देताना मी ती पाहतो. इतरांना त्या वेळी मी वेळ पाहत आहे असे वाटते.

योजना: कमान काढावी, भिंगाखाली तिचा अभ्यास करावा, हाताला जुनी आठवण करून द्यावी आणि कमान परत बसवावी. दोन स्क्रू. पाऊण तास.

१६ मार्च, सोमवार

९.०० — गोळी घेतली. (अर्धी.)

९.३० — टेबल पुसले. हिला बाहेरच्या खोलीत थांबण्याची विनंती केली.

९.५० — पहिला स्क्रू निघाला. उत्तम.

९.५८ — दुसरा स्क्रू सैल.

९.५९ — चाके सुटली.

दुपारी ४

सकाळची नोंद विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण 'चाके सुटली' हे वाक्य रचनेने निर्दोष असले तरी त्यात कर्ता लपून राहतो.

घड्याळाला किल्ली दिलेली असते तेव्हा आतली स्प्रिंग ताणलेली असते, आणि हा ताण चाकांना फिरवतो. चाकांना जागच्या जागी धरून ठेवते ती कमान. म्हणून कमानीला हात लावण्याआधी किल्ली उतरवायची, म्हणजे ताण सावकाश मोकळा करायचा, हा कारखान्यातील पहिल्या दिवसाचा पहिला धडा. तो मीच शिकवत असे. किल्ली न उतरवता कमान सैल केली, तर सगळी चाके एकाच वेळी भिंगरीसारखी फिरून मोकळी होतात आणि एखाद्याच्या आसाचे टोक मोडते. ज्या नवशिक्याच्या हातून असे होई त्याला मी त्या दिवशी घरी पाठवत असे. चिमटीला एकदा पाठवले होते. ती कारखान्याच्या फाटकाशी संध्याकाळपर्यंत उभी राहिली होती.

आज मला कोठे पाठवावे हा प्रश्न उद्भवला नाही, कारण मी घरीच होतो.

तो आवाज लहान असतो. डास जवळून गेल्यासारखा. तरी ही बाहेरच्या खोलीतून आली आणि काय झालं हो, म्हणाली. काही नाही, असे मी उत्तर दिले. मग ती माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पट्टीच्या पलीकडच्या तिच्या बाजूने पाहत राहिली.

कारण: सोमवार.

१७ मार्च, मंगळवार

चौथे चाक गेले. आसाचे टोक मोडले आहे. बाकी सर्व शाबूत. चाक फक्त कारखान्यातच मिळते, आणि कारखान्यात चिमटीकडे मागावे लागते, आणि चिमटी विचारील की मोडले कसे.

तेव्हा मागणार नाही. चौथे चाक वगळून बाकीचे घड्याळ जुळवण्याचे ठरवले.

कमानीचा एक स्क्रू सापडत नाही.

१८ मार्च, बुधवार

स्क्रू सापडला. हिच्या चपलेच्या तळव्यात रुतून तो दोन दिवस बाजारात, तिच्या मैत्रिणीकडे आणि दोनदा गच्चीवर जाऊन आला. तुमच्यापेक्षा जास्त फिरला, असे ही म्हणाली.

कमान बसवली. सकाळी दहा ते दुपारी सव्वाचार. दोन स्क्रू. हे घाईने केलेले काम नव्हे, एवढे निश्चित म्हणता येईल.

२१ मार्च, शनिवार

फार थकलो आहे. बसून थकवा येतो याचे आश्चर्य वाटते. पूर्वी आठ तास एका कोनावर बसत असे आणि घरी येऊन मुलीच्या वहीतील शुद्धलेखन तपासत असे. दोन्ही कामे सारख्याच तन्मयतेने. मुलगी आता म्हणते की तिला दोन्हींची सारखीच भीती वाटत असे.

गोळी दिवसाआड. डॉक्टरांनी रोज सांगितली आहे, परंतु चाचणीच्या दिवशी जे यश मिळेल ते गोळीचे नसून माझे असले पाहिजे.

२४ मार्च, मंगळवार

घड्याळ बंद आहे, परंतु मनगटावर बांधून जाणारच. घड्याळाच्या कारखान्यात रिकाम्या मनगटाने जाणे अशोभनीय. काटे अकरावर लावून ठेवले आहेत. अकराला पोहोचेन तेव्हा ते बरोबर असतील, आणि नंतर कोण पाहतो?

२६ मार्च, गुरुवार

इस्त्री. बूट. पेटी. उद्या चाचणीनंतर चिमटी टेबल कोणते हवे असे विचारील. जुनेच, खिडकीजवळचे, असे उत्तर द्यायचे. रोज येणार नाही, आठवड्यातून चार दिवस, ही अट. कामाच्या चिठ्ठ्या शुद्ध भाषेत, ही दुसरी.

ही म्हणाली, नाही दिलं टेबल तर? मी म्हणालो, हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या पूर्ण असला तरी आशयदृष्ट्या अपुरा आहे. झोपा आता, असे ती म्हणाली. आठ वाजले होते.

२७ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ५

चाचणी पार पडली.

फाटकावरील पहारेकरी नवा. त्याने नाव, काम आणि कोणाला भेटायचे ते विचारले. 'काम' या रकान्यात मी 'पुनरागमन' असे लिहिले. त्याने ते वाचून पाहिले आणि व्हिजिटर असा बिल्ला दिला.

चिमटी दाराशी आली. केस पांढरे व्हायला लागले आहेत. वाकून नमस्कार केला, सर, बारीक झालात, असे म्हणाली, आणि तिची नजर माझ्या मनगटावर गेली. आमच्या घड्याळाचा हा एक दोष मानावा लागेल. तबकडीचे घड्याळ बंद असले तर चारचौघांत झाकून जाते. आमच्यात सर्व आतडी समोर. सर, चौथं चाक कुठे गेलं, असे तिने एका श्वासात विचारले.

मी म्हणालो, मुद्दाम काढले आहे. रचना अधिक मोकळी दिसते.

शेजारी उभ्या असलेल्या दोन नवशिक्यांपैकी एकीने हे वहीत टिपून घेतले. 'मोकळी' तिने ऱ्हस्व लिहिले.

टेबल खिडकीजवळचेच दिले. हे शुभलक्षण. तीन कमानी, तीन कोन, दोन तास. खुर्ची उंच होती, बदलून घेतली. ती बुटकी निघाली; पहिली परत मागवली. लोकांचे येणे-जाणे थांबवण्यास सांगितले, चिमटीने थांबवले. वर पंखा होता; बंद केला. मग थांबवण्यासारखे काही उरले नाही.

पहिली कमान: रेषा येऊ लागली असता काडी घसरली. गोल.

दुसरी कमान: गोल.

तिसरीच्या वेळी चिमटी शेजारी येऊन बसली आणि तिने आपला हात माझ्या मनगटाखाली ठेवला. आमच्याकडे अशीच पद्धत आहे: नवशिक्याच्या मनगटाखाली शिकवणाऱ्याने हात द्यायचा, धरायचे नाही, नुसता टेकू. तिच्या मनगटाखाली मी तीन महिने हात दिला होता. तिचा हात होता तोवर रेषा आली. अर्धी. मी भिंगातून पाहिली. सरळ होती, धारदार होती, माझी होती. मग तिने सावकाश हात काढून घेतला. काडी पुढे गेली.

तिचा हात नेमका कामाच्या मध्ये येत होता. तसे तिला सांगितले नाही.

कळवते सर, असे ती म्हणाली. फाटकापर्यंत सोडायला आली. बिल्ला परत करायचा असतो हे मी विसरलो होतो. तिने माझ्या खिशावरून काढून पहारेकऱ्याला दिला.

२८ मार्च, शनिवार

एकंदर विचार करता चाचणी समाधानकारक. तिसऱ्या कमानीवर निश्चित प्रगती होती. निर्णय देणारी व्यक्ती माझ्या हाताखाली तयार झालेली आहे, ही जमेची बाजू.

ही काल रात्रीपासून काही विचारत नाही. फार बरे वाटते. मधूनमधून विचारले तरी चालेल.

३१ मार्च, मंगळवार

फोन नाही. महिनाअखेर. कार्यालयात या दिवसांत गडबड असते.

२ एप्रिल, गुरुवार

फोन बंद पडला असावा, अशी शंका आल्यामुळे मुलीला फोन करून मला फोन करायला सांगितले. आला. वाजतो. बाबा, तुम्ही मला फोन केलात म्हणजे फोन चालूच आहे ना, असे ती म्हणाली. येणे आणि जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. गोळ्या घेताय ना? घेतो. रोज? मी म्हटले, आवाज तुटतो आहे.

४ एप्रिल, शनिवार

रुजू होण्याच्या अटींचा मसुदा पूर्ण. दीड पान. हिला वाचून दाखवला. या वेळी ही शेवटपर्यंत बसली, आणि छान लिहिलंय, असे म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांत तिने माझे लेखन कशाचीही कुरकुर न करता ऐकल्याचे स्मरत नाही. काळजी वाटली.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी सवयीने मनगट वर केले. किल्ली द्यायला काही नाही. अकरा वाजले होते, म्हणजे घड्याळात. खरे साडेसात.

दुपारी झोपलो. झोपच. पाठ टेकणे नव्हे.

८ एप्रिल, बुधवार

फोन आला! चिमटी शनिवारी चार वाजता स्वतः घरी येणार आहे. काकूंना सांगा काही करू नका, असेही म्हणाली. विभागप्रमुख नियुक्तिपत्र घेऊन स्वतः येते, याचा अर्थ एकच. फोनवर 'नाही' म्हणणे सोपे असते. त्यासाठी कोणी एवढे अंतर तुडवत येत नाही.

ठराव: पत्रात भाषेच्या चुका असतील, त्या तिच्यासमोर सुधारायच्या नाहीत. ती गेल्यावर.

हिला दिवाणखाना आवरायला सांगितले. ती म्हणाली, ती आवरलेला बघायला येत नाहीये. मग कशाला येते आहे, असे मी विचारले. ही आत गेली.

१० एप्रिल, शुक्रवार

गोळी पूर्ण घेतली. टेबलावरील पट्टी काढली. अटींच्या मसुद्यातून चार दिवसांऐवजी तीन दिवस केले. अडवून धरण्यात अर्थ नाही. सायंकाळी दोन केले.

११ एप्रिल, शनिवार. सायंकाळी ७.३०

चिमटी आली. पत्र नव्हते. तिच्या हातात अवजारांची गुंडाळी होती आणि झाकणाची एक लहान डबी. डबीत चौथे चाक. म्हटलं, सरांचं घड्याळ बंद नको, असे ती हिला म्हणाली, मला नाही.

मी मनगटावरून घड्याळ सोडून तिला दिले. बक्कल सुटायला वेळ लागला. दोघींनीही त्या वेळी खिडकीबाहेर पाहिले.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली, मी समोर. स्क्रूला हात लावण्याआधी तिने किल्ली उतरवण्याची कृती केली. बंद घड्याळात ताण उरलेला नसतो, हे तिला माहीत आहे. तरी केली, पूर्ण, शिकवल्याप्रमाणे, आणि माझ्याकडे पाहिले नाही. काढून ठेवलेले जुने चाक मी पुढे केले; त्याचा मोडलेला आस तिने भिंगातून पाहिला. टोक असे कशाने मोडते, हे तिला न कळणे अशक्य. कळले. डबीत ठेवून दिले. मग म्हणाली, मला घरी पाठवलंत आणि मी फाटकाशी उभी राहिले ना सर, त्या दिवशी पाच वाजता तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, उद्या लवकर ये. आठवतं? मला आठवत नव्हते. आठवते, असे म्हणालो.

काम करता करता तिने सांगितले. टेबल मी नाही देऊ शकत सर. मी म्हणालो, मला तरी कोठे फारशी इच्छा होती. रोजचा प्रवास, जिना. हो ना, असे ती म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली की, पुढल्या वर्षीपासून कमानीचा आराखडाच बदलतोय. आत गोलाई ठेवणार. मशीनवर होईल. मी पुष्कळ भांडले, पण करणारं कोणी नाही म्हटल्यावर काय बोलणार?

मी म्हणालो, गोलाईचेही काही फायदे असतात. धूळ साचत नाही. पुसायला सोपे.

तिने भिंग डोळ्यावरून काढले. तुम्ही नका ना बोलू असं, सर. तुम्ही तरी नका. आवाज चढला होता तिचा. मग ही चहा घेऊन आली आणि चिमटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, अगं, त्यांना जे वाटतं ते बोलत नसतात ते, एवढी वर्षं झाली तुला.

पावणेसहाला चाक बसले. कमान बसली. एक स्क्रू तिने आवळला. आमच्याकडे प्रथा आहे की शेवटचा स्क्रू तेथे हजर असलेल्यांत जो ज्येष्ठ असेल त्याने आवळायचा. स्क्रू छिद्रात उभा केलेला होता. तिने स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्याकडे केली आणि तशीच धरून राहिली. दुसरा हात टेबलावर, तळवा वर करून, तयार.

मी सांगितले की या खोलीत प्रकाश अपुरा आहे.

तिने बराच वेळ मूठ तशीच धरली होती. मग स्वतः आवळला. किल्ली दिली. चालू झाले. तिने काटे लावून माझ्या मनगटावर बांधूनही दिले.

जाताना हिने तिला चार वेळा सावकाश जा म्हणून सांगितले. मी जिन्यापर्यंत गेलो. येत जा, असे म्हणालो. येते सर, असे ती म्हणाली.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी १०.१५

घड्याळ चालू आहे. वेळ बरोबर.

कालच्या नोंदीत एक चूक राहिली आहे. येथे दुरुस्त करतो.

प्रकाश पुरेसा होता.